चाळीस टक्के फ्रेंच

१ जानेवारी १९९६ पासून फ्रान्समधल्या रेडिओ केंद्रांना एक नवा नियम पाळावा लागला. वाजणाऱ्या गाण्यांपैकी किमान ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली हवीत, आणि त्यातली निम्मी नव्या कलावंतांची किंवा नुकतीच आलेली हवीत. नवा कलावंत कोणाला म्हणायचं तेही ठरलं: ज्याच्या दोन अल्बमना गोल्ड डिस्क मिळालेली नाही, तो. पहाटे दोनला फ्रेंच गाणी लावून आकडा जुळवता येऊ नये म्हणून हिशोबाची वेळही बांधून दिली. कामाच्या दिवसांत सकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा या वेळात जे वाजेल तेच मोजायचं. हे सगळं १ फेब्रुवारी १९९४ च्या कायद्यातून आलं. इंग्रजी पॉपच्या रेट्यात फ्रेंच गाणं टिकावं, हा त्यामागचा हेतू.

फ्रेंच गाणं टिकलं, पण ज्याचा विचार करून कायदा झाला ते नव्हे. तरुणांसाठी चालणाऱ्या केंद्रांना आता फ्रेंच, नवं आणि सोळा-सतरा वर्षांच्या श्रोत्याला रुचेल असं गाणं रोज तासन्‌तास हवं होतं. जुन्या धाटणीचे शाँसों-गायक या पोरांना नको होते आणि फ्रेंच रॉकचे नवे बँड पुरेसे नव्हते. पॅरिस आणि मार्सेयच्या कडेच्या वस्त्यांमध्ये, सरकारी घरांच्या उंच इमारतींत मात्र दहा वर्षं रियाज केलेली एक पिढी तयार बसली होती. स्कायरॉक या केंद्राने १९९६ मध्ये आपला मोहरा रॅपकडे वळवला आणि 'प्लानेत रॅप' हा रोजचा कार्यक्रम सुरू केला. भाषा जपण्यासाठी केलेला कायदा ती भाषा मोडून नव्याने जोडणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. फ्रेंच रॅपचा इतिहास म्हणजे वस्ती विरुद्ध सरकार अशी सरळ झुंज, असं सांगितलं जातं तेव्हा ही बाजू सुटते आणि ते मला खटकतं. सरकारी टीव्ही, रेडिओचा कायदा, न्यायालय हे सगळे या संगीताच्या घडणीत आहेत, कधी मदतीला, कधी मुळावर.

पहिला धक्का १९८२ च्या नोव्हेंबरमधला. युरोप १ या रेडिओच्या पाठबळावर न्यूयॉर्कच्या हिप-हॉप मंडळींचा दौरा फ्रान्सभर फिरला. त्यात आफ्रिका बंबाटा, फॅब फाइव्ह फ्रेडी, रॉक स्टेडी क्रूचे नर्तक, फ्युचुरा आणि डोंडीसारखे ग्राफिटीवाले, शिवाय दोन दोऱ्यांवर उड्या मारणाऱ्या मुलीही होत्या. दौऱ्यामागे धडपड होती न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या बेर्नार झेक्री या फ्रेंच पत्रकाराची. काळही अनुकूल होता. मित्तराँ १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि रेडिओवरची सरकारी मक्तेदारी सुटली. रेडिओ नोव्हासारखी छोटी केंद्रं त्याच वर्षी उभी राहिली, आणि बड्या केंद्रांना नकोशा वाटणाऱ्या तबकड्यांना जागा मिळाली.

मग १९८४. तेएफ-१ ही तेव्हा सरकारी वाहिनी होती. तिच्यावर दर रविवारी दुपारी 'एच. आय. पी. एच. ओ. पी.' नावाचा कार्यक्रम लागू लागला. सूत्रसंचालक सिद्नी हा मूळचा ग्वाडलूप या कॅरिबियन बेटाकडचा, फ्रेंच राष्ट्रीय वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम चालवणारा पहिला कृष्णवर्णीय. कार्यक्रमात नाचाचा धडा असे, दोन नर्तकांमधलं आव्हान असे. हिप-हॉपला वाहिलेला, देशभर दिसणारा साप्ताहिक टीव्ही कार्यक्रम तेव्हा अमेरिकेतही नव्हता. आज पन्नाशी ओलांडलेले कितीतरी फ्रेंच रॅपर आपली सुरुवात या रविवारांपाशी नेऊन ठेवतात. कार्यक्रम वर्षभरात बंद पडला, फॅशन ओसरली असं सगळ्यांनी मानलं आणि कॅमेरे निघून गेले.

माझ्या मते खरी जडणघडण त्यानंतरच्या पाच वर्षांतली. डी नास्टी या डीजेने १९८४ मध्येच पदरमोड करून एक फ्रेंच रॅप अल्बम काढला होता. १९८६ च्या उन्हाळ्यात त्याने पॅरिसच्या उत्तरेला, ला शापेल भागातल्या एका पडक मैदानात टर्नटेबल मांडले आणि जनरेटरवर खुल्या मैफली सुरू केल्या. ग्राफिटीवाले तिथे भिंती रंगवत होतेच. पुढे त्याने लिओनेल डी याच्यासोबत रेडिओ नोव्हावर कार्यक्रम चालवला. तिथे माइक उघडा असे आणि ज्याला जमेल त्याने येऊन म्हणायचं. एनटीएम आणि असासँ हे गट, एमसी सोलार हा रॅपर, ही नावं याच वर्तुळातून वर आली. १९९० मध्ये 'रॅपातित्यूद' हा संकलित अल्बम आला आणि तबकडी-कंपन्यांना बाजार दिसला. लगेच १९९१ मध्ये सोलार, एनटीएम आणि मार्सेयच्या आयअ‍ॅमचे पहिले अल्बम आले.

या सगळ्यांपुढे अडचण होती ती भाषेचीच. रॅपचा साचा इंग्रजीवर बेतलेला. इंग्रजीत प्रत्येक शब्दाला स्वतःचा आघात असतो. रॅपर तो आघात ठेक्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, जिथे स्नेअर (करकरीत वाजणारा ड्रम) वाजतो तिथे आणून ठेवतो आणि ओळ आपोआप झुलते. फ्रेंचमध्ये शब्दाला असा आघात नाही. वजन पडतं ते पूर्ण पदबंधाच्या शेवटच्या अक्षरावर, आणि तेही जोर देऊन नव्हे, किंचित लांबवून. सुरुवातीचे अनेकजण अमेरिकन चालीने शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर जोर देत. ऐकताना ते परक्याने फ्रेंच बोलावं तसं लागतं. आजही त्या तबकड्या लावल्या तर दोष आवाजात किंवा विचारात नाही, जोराच्या जागेत आहे, हे चटकन कळतं.

हिशोब मांडून पाहू. मिनिटाला ९० ठोके अशी लय धरली तर चार ठोक्यांचं एक आवर्तन पावणेतीन सेकंदांच्या आत संपतं. सोळा आवर्तनांचं एक कडवं (तिकडे त्याला नुसतं 'सोळा' म्हणतात) सुमारे ४३ सेकंदांचं. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर एका आवर्तनात सोळा घरं होतात. फ्रेंच काव्यातला जुना थोर छंद अलेक्झांद्रँ, त्याची ओळ बारा अक्षरांची. सोळा घरांत बारा अक्षरं बसली की चार घरं श्वासाला उरतात. शाळेत सक्तीने पाठ केलेल्या छंदाची सवय पोरांच्या कानात होती आणि ती इथे उपयोगी पडली, असं मला मनापासून वाटतं. सोलारच्या ओळी इतक्या सहज का बसतात, याचं निम्मं उत्तर यात आहे.

उरलेलं निम्मं, अक्षरं कुठे गिळायची यात. फ्रेंचमध्ये शब्दात लिहिलेला पण बोलण्यात हरवणारा एक अर्धवट स्वर असतो. छंदोबद्ध कवितेत तो पुढे व्यंजन आलं की मोजतात, बोलताना सोडून देतात. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. 'घर' म्हणताना शेवटचा अ आपण उच्चारत नाही, पण वृत्तात त्याची मात्रा धरतो. रॅपरने बाजू घेतली ती बोलण्याची. 'मला माहीत नाही' हे पुस्तकी फ्रेंचमध्ये 'ज न से पा', चार अक्षरं. तोंडात ते 'शे पा' होतं, दोन अक्षरं. वाचलेल्या दोन घरांत आणखी एक शब्द बसतो, आणि 'ज' व 'स' मिळून झालेला 'श' हाय-हॅटसारखा (ड्रमसोबतच्या झांजांच्या जोडीसारखा) घासून वाजतो. लिहिताना कागदावर बरोबर दिसणारी ओळ माइकसमोर पाय ओढते ती बहुधा हा स्वर जागच्या जागी राहिल्यामुळे. उलट सगळेच स्वर गिळले तर ओळ अडखळते आणि नवख्याचे शब्द कळत नाहीत. कुठला ठेवायचा नि कुठला सोडायचा हा कानाचा निवाडा आहे.

यमकाचं दुखणं उलट्या बाजूचं. फ्रेंचमध्ये यमक जुळवणं फार सोपं. पार्ले, शाँते, मार्शे, हजारो क्रियापदं 'ए' वर संपतात. त्यामुळे शेवटच्या स्वराचं यमक कोणीही जुळवतो आणि चार ओळींत कान कंटाळतो. चांगला लिहिणारा मागे सरकत जातो, दोन, तीन, चार अक्षरं. 'बेतों आर्मे' म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. त्याच्याशी 'दे पों बारे', म्हणजे बंद केलेले पूल, जुळवून पाहा. ए-ओं-आ-ए, चारही स्वर ओळीने तेच, व्यंजनं वेगळी. कवितेच्या जुन्या नियमांत या बारकाव्याला जागा नव्हती, रॅपमध्ये तो रोजची भाकरी झाला. व्यंजनांकडे दुर्लक्ष करून स्वरांची माळ जुळवणं हे फ्रेंच रॅपचं माझ्या मते सर्वांत मोठं छांदिक योगदान आहे आणि त्याबद्दल कवितेच्या अभ्यासकांनी अजून बरंच लिहायला हवं.

तिसरं हत्यार व्हेर्लां, उलट्या बोलीचं. ती रॅपने शोधली नाही, आधीपासून होती, पण रॅपने तिला देशभर नेलं. कृती सोपी. दोन अक्षरांचा शब्द मधून तोडायचा आणि तुकडे अदलाबदल करायचे: बिझार (विचित्र) चं झारबी. एका अक्षराचा शब्द असेल तर आधी शेवटचं व्यंजन मोकळं करायचं. फाम (बाई) चे 'फा-म' करायचे, उलटे 'म-फा' करायचे आणि शेपूट कापायची, उरतं 'मफ्'. फ्लिक (पोलिस) चं याच वाटेने 'कफ्' होतं. एखादा शब्द सगळ्यांना कळू लागला की तो पुन्हा उलटवतात. 'आराब' चा 'बर्' झाला, १९८३ च्या समतेच्या पदयात्रेला वर्तमानपत्रांनी तेच नाव चिकटवलं, मग वस्तीने त्याचाच 'रब' केला.

व्हेर्लांकडे बहुतेकजण गुप्त भाषा म्हणून पाहतात. ठेक्याच्या बाजूने तिचा उपयोग वेगळाच आहे. फ्रेंच शब्द बरेचदा स्वरावर मोकळे सुटतात. मफ्, कफ्, कम् (मेक म्हणजे गडी, त्याचं उलटं) हे व्यंजनावर धाडकन बंद होतात. स्नेअरवर ठेवायला असा बंद शब्द हवाच असतो. इंग्रजीकडे तो जन्मजात आहे, फ्रेंचला तो असा पैदा करावा लागला.

शब्दांची आवकही चहूकडून झाली. अरबीतून वेश (काय रे), सम (चीड), किफे (आवडणे), ब्लेद (गाव). पश्चिम आफ्रिकेतून गोऱ्या माणसासाठीचा 'तुबाब', तो उलटून 'बाब्तू'. आणि रोमा लोकांच्या भाषेतून आलेल्या क्रियापदांपाशी मराठी माणूस थबकतोच. मारावे म्हणजे मारणे, शुरावे म्हणजे चोरणे, बिक्रावे म्हणजे विकणे. रोमा मंडळी हजारभर वर्षांपूर्वी भारतातून निघाली. त्यांच्या तोंडून हे धातू फ्रेंच बोलीत गेले आणि आज पॅरिसच्या उपनगरातल्या गाण्यांत ऐकू येतात.

ठेक्याच्या मागचं संगीत सँपलरवर, म्हणजे जुन्या तबकड्यांचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर, बनत होतं. १९८७ च्या एसपी-१२०० या यंत्रात एकूण दहा सेकंदांचाच आवाज मावायचा. युक्ती अशी की ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर पळवून रेकॉर्ड करायची आणि यंत्रात तिचा वेग पुन्हा उतरवायचा. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा ऐवज बसतो. किंमत अशी की उतरवताना वरचे सूर झिजतात आणि आवाजाला खरखर येते. तीच खरखर पुढे त्या काळाची ओळख ठरली. कच्चा माल बहुतेक अमेरिकन फंक आणि सोलचा असायचा, पण हळूहळू घरचा आला. सोलारने गेन्सबूरच्या एका गाण्याचा तुकडा घेतला. व्हित्रीच्या '११३' या गटासाठी डीजे मेहदीने अल्जेरियन गायक अहमद वहबी यांचा आवाज घेतला आणि उन्हाळ्यात गाडी ठासून भरून गावी निघालेल्या कुटुंबाचं गाणं त्यावर उभं राहिलं. आईबापांच्या कॅसेटमधलं संगीत आता पोरांच्या ठेक्यात आलं, ही १९९९ मधली गोष्ट मला फार मोठी वाटते. तोवर फ्रेंच रॅप पाहत होता तो न्यूयॉर्ककडे.

मार्सेयची तऱ्हा निराळी. आयअ‍ॅममध्ये इटलीकडचा, स्पेनकडचा, अल्जेरियाकडचा, सेनेगलकडचा, रेयुनियों बेटाकडचा असे सगळे एकत्र, आणि नावं घेतली ती अखनातोन, इम्होतेप, खेओप्स अशी प्राचीन इजिप्तची. बंदराच्या गावाला भूमध्यसमुद्र हा पत्ता जास्त जवळचा. १९९७ च्या मार्चमधला त्यांचा 'लेकोल द्यु मिक्रो दार्जाँ' दहा लाखांवर खपला. त्याचं शेवटचं गाणं 'द्मँ से ल्वँ' जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे आणि त्यात ध्रुवपद नाही. दोनच लांबलचक कडवी, आधी शुरिकेनचं, मग अखनातोनचं. शुरिकेनच्या कडव्यात एका ओळीचा शेवट जिथे होतो तोच शब्द उचलून पुढची ओळ सुरू होते, काँक्रीटवरून काँक्रीट, पोरांवरून पोरं. आपल्याकडे याला दामयमक म्हणतात आणि पंडित कवींनी ते कौशल्य म्हणून मिरवलं. इथे ते कौशल्य अर्थाचं काम करतं. वस्तीतून बाहेर पडायची वाट नाही, ज्या शब्दावर थांबलात तिथूनच पुन्हा सुरुवात. ऐकताना ओळीच्या सांध्यांवर लक्ष ठेवा, शब्द कळले नाहीत तरी साखळी कळते. ध्रुवपद नसलेलं नऊ मिनिटांचं गाणं फ्रेंच रॅपचं शिखर मानलं जातं, याचा मला आनंद आहे.

कारण रेडिओने नेमकं उलट मागितलं. कोट्यामुळे दार उघडलं, पण आत जायला साडेतीन मिनिटं आणि गुणगुणता येईल असं ध्रुवपद हवं. केंद्रांनी आणखी एक पळवाट शोधली. ४० टक्के भरायला शंभर गाणी वाजवण्यापेक्षा दहाच गाणी पुन्हा पुन्हा वाजवायची. आकडा जुळतो, पण नव्या कलावंताला काही मिळत नाही. हे बंद करायला २०१६ मध्ये कायदा बदलावा लागला. सर्वाधिक वाजणाऱ्या दहा फ्रेंच गाण्यांनी फ्रेंच वेळेचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापला, तर वरचं वाजणं कोट्यात धरायचं नाही. वीस वर्षं उशिराने सुचलेली ही दुरुस्ती पहिल्यापासून असती तर कितीतरी गट टिकले असते.

कोटा लागू झाला त्याच वर्षी न्यायालयाचा तडाखाही बसला. १९९५ च्या जूनमध्ये नॅशनल फ्रंट या कट्टर उजव्या पक्षाने तुलाँ, ऑरांज आणि मारिन्यान ही गावं जिंकली. विरोध म्हणून १४ जुलैला तुलाँशेजारच्या ला सेन-स्युर-मेर इथे मैफल झाली. मंचावरून एनटीएमच्या जोईस्टार आणि कूल शेन यांनी बंदोबस्ताच्या पोलिसांना उद्देशून शिव्या दिल्या. नोव्हेंबर १९९६ मध्ये तुलाँच्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, त्यातले तीन प्रत्यक्ष कैदेचे, शिवाय सहा महिने गाण्यावर बंदी. कलावंताला गायलाच मनाई करणारा हा निकाल देशभर गाजला. अपिलात तो दोन महिने निलंबित कैद आणि ५०,००० फ्रँक दंडावर आला.

त्याहून चिवट खटला 'ला र्‍युमर' गटाच्या हामेचा. २००२ मध्ये त्याने गटाच्या पत्रिकेत लेख लिहिला की पोलिसांच्या हातून मेलेल्या आमच्या शेकडो भावांबद्दल एकाही मारेकऱ्याला शिक्षा झाली नाही. गृहमंत्रालयाने बदनामीचा दावा लावला, तेव्हा गृहमंत्री सार्कोझी. २००४ मध्ये निर्दोष, २००६ मध्ये पुन्हा निर्दोष, २००७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, २००८ मध्ये पुन्हा निर्दोष, आणि जून २०१० मध्ये एकदाचा शेवट. आठ वर्षं एका रॅपरने वकील, तारखा, कागद सांभाळले आणि माघार घेतली नाही. यात गाण्याच्या ओळीचा संबंध नव्हता, साधं गद्य होतं. म्हणून हा खटला मला एनटीएमच्या खटल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. शिवीबद्दल शिक्षा समजू शकते, इथे विधान बोचलं होतं.

मधल्या काळात, २००५ च्या ऑक्टोबरात, क्लिशी-सू-ब्वा इथे पोलिसांपासून लपताना दोन किशोरवयीन मुलं विजेच्या उपकेंद्रात मरण पावली आणि वस्त्या तीन आठवडे पेटल्या. सुमारे २०० खासदारांनी बोट दाखवलं ते रॅपकडे आणि काही गटांवर कारवाई मागितली. ज्यांची गाणी पंधरा वर्षं हेच घडणार म्हणून सांगत होती, त्यांनाच कारण ठरवलं गेलं. फ्रान्समध्ये सरकार माणसांची वंशावार नोंद करत नाही. म्हणून पोलिस कोणाला थांबवतात, घर कोणाला नाकारलं जातं, याचा अधिकृत आकडा सहजी मिळत नाही. ती उणीव गाण्यांनी भरून काढली. एनटीएमच्या लोकांसाठी ९३ हा नुसता पोस्टाचा आकडा उरला नाही, सेन-सेंत-दनी जिल्ह्याचं ते आडनाव झालं.

बायकांचा वाटा सांगताना थोडं वाईट वाटतं. 'रॅपातित्यूद'वर सालिहा होती, पुढे केझीसारखी धारदार लिहिणारी झाली, दियाम्झचा २००६ चा अल्बम त्या वर्षी फ्रान्समध्ये सर्वांत जास्त खपला. तरी कंपन्यांनी तिच्यानंतर बरीच वर्षं दुसरीवर पैसा लावला नाही.

मग स्ट्रीमिंग आलं आणि रेडिओचं दार ओलांडायची गरजच संपली. एसोनकडच्या दोन भावांचा गट पीएनएल २०१५ मध्ये पुढे आला. मोठी कंपनी नाही, मुलाखत नाही, रेडिओकडे विनवणी नाही. २०१९ मध्ये त्यांचा व्हिडिओ आयफेल टॉवरच्या माथ्यावर चित्रित झाला. ठेकाही बदलला. १४० ची ट्रॅप लय, जी शरीराला ७० ची लागते, त्यावर हाय-हॅटच्या तिगुनी आणि आवाजावर ऑटोट्यून. ऑटोट्यून गाणाऱ्याचा सूर ओढून ठरवलेल्या सप्तकातल्या जवळच्या स्वरावर बसवतो. आधी राग चुकीचा निवडला तर तो हमखास शेजारच्या नको त्या सुरावर उडी मारतो. त्याला पकडायला स्वर लागतो, 'श', 'फ', 'क' अशा अघोष व्यंजनांत सूरच नाही. म्हणजे लांब, मोकळे स्वर हवेत, आणि तेही ओळीच्या शेवटी. ज्या गुणामुळे फ्रेंच भाषा १९८० च्या दशकात रॅपला अडत होती, पदबंधाचं शेवटचं अक्षर लांबवणं, तोच गुण इथे कामी आला. अनेक जुने श्रोते ऑटोट्यूनला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. बारा अक्षरांच्या जागी सहा आली हे खरं, पण ओळीला सूर पहिल्यांदा आतून मिळाला.

८ मे २०२४ रोजी ऑलिंपिकची ज्योत जहाजाने मार्सेयच्या जुन्या बंदरात पोचली तेव्हा कुंड पेटवायचा मान जूल या रॅपरला मिळाला. वर्षाला दोन-दोन अल्बम काढणारा, ऑटोट्यूनमध्ये बुडालेला, मार्सेयच्या वस्तीतला. यावरून भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. पण तुलाँचं ते न्यायालय इथून तासाभराच्या अंतरावर आहे.

फ्रेंच रॅप म्हणजे फक्त फ्रान्स, हा समज मात्र आता टाकायला हवा. ब्रुसेल्सने दामसो आणि हम्झा दिले. मॉन्ट्रियलमध्ये हैतीहून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांनी क्रेओल मिसळली, नंतर डेड ओबीज या गटाने इंग्रजी आणि फ्रेंच एकाच ओळीत विणली. २०१६ मध्ये त्यांच्या अल्बमचे शब्द मोजले गेले. फ्रेंच ५५ टक्के निघालं, अनुदानाला ७० टक्के लागत होतं, १८,००० डॉलर गेले. फ्रान्सच्या कोट्याने व्हेर्लां, अरबी, रोमा शब्दांसकट अख्खं गाणं फ्रेंच धरलं होतं. मॉन्ट्रियलमध्ये शब्द एकेक करून मोजले गेले. इंग्रजीच्या समुद्रात राहणाऱ्या क्वेबेकची, कॅनडाच्या या फ्रेंचभाषक प्रांताची, भीती मी समजू शकतो, तरी गाणं तराजूत घालायची ही रीत चुकीचीच.

सेनेगलच्या डाकारमध्ये १९८९ साली पॉझिटिव्ह ब्लॅक सोल हा गट दिदिए अवादी आणि डगी टी यांनी स्थापला. वोलोफ (तिथली लोकभाषा), फ्रेंच आणि इंग्रजी तिन्ही भाषांत. सोलारचा स्वतःचा जन्म डाकारचाच. त्याने त्यांना ऐकलं आणि आपल्या मैफलींच्या आधी गायला फ्रान्सला बोलावलं. सेनेगलमध्ये रॅपला पुढे जे काम मिळालं ते फ्रान्समध्ये कधीच मिळालं नाही. जानेवारी २०११ मध्ये, तासन्‌तास वीज जाण्याला कंटाळून, काओलाकच्या कर गी गटातले रॅपर आणि काही पत्रकार यांनी 'याँ आ मार', म्हणजे 'पुरे झालं', ही चळवळ उभी केली. २३ जूनला राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी निवडणुकीचा नियम बदलायचं विधेयक आणलं, पहिल्या फेरीत २५ टक्के मतांवर विजय मिळावा असं. लोक संसदेभोवती जमले आणि ते त्याच दिवशी मागे घ्यावं लागलं. मग रॅपरांनी वस्त्यावस्त्यांत मैफली करून तरुणांना मतदार यादीत नाव घालायला लावलं. मार्च २०१२ मध्ये वाद हरले. चळवळीचं नाव फ्रेंच, पण वस्तीतली गाणी आणि भाषणं बव्हंशी वोलोफमध्ये. फ्रेंच तिथे कागदाची आणि संसदेची भाषा आहे. ज्या ओळीने माणूस उठून रांगेत उभा राहावा ती ओळ त्यांनी घरच्या भाषेत लिहिली, आणि फ्रेंच ठेवली ती सरकारला ऐकू जायला हवं तेवढ्यापुरती.